मानेतली शीर

आमच्या भावकीतली एक सून गेल्या महिन्यात भर दुपारी घरी आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत दवाखान्याचे कागद. तिच्या सासूच्या गालाच्या आत फोड झाला होता. तीस वर्षे सकाळ-संध्याकाळ मिश्री लावलेली बाई ती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, ऑपरेशन झाले आणि आता डॉक्टरांनी गालाला आणि मानेला शेक घ्यायला सांगितला आहे. पोरगी उंबऱ्यातच टेकली. पाणी दिले तर घोटभर प्याली आणि म्हणाली,

"काकी, शेकानं मानंतली शीर खराब होती म्हणं. काकांचं तसंच झालं न्हवं का? मग आत्तीस्नी न्यावं का न्हाई?"

मी चपापले. ही बातमी गावात माझ्याच तोंडून गेली होती, आणि अर्धीच गेली होती. हळदीकुंकवाला, नाहीतर दळणाच्या रांगेत, माणूस सांगतो तेवढे सांगतो, ऐकणारा ऐकतो तेवढे ऐकतो. तिला आत बसवून चहा ठेवला आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. तेच इथे लिहीत आहे, कारण अर्धी बातमी आणखी कुठल्या गावात गेली असेल ते मला ठाऊक नाही.

आमच्या ह्यांना मिसरूड फुटल्यापासून तंबाखूची सवय. डबीत एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. औत सोडले की चिमूट, बांधावर बसले की चिमूट. २०१० सालच्या उन्हाळ्यात डाव्या जबड्याखाली गाठ आली. अवधाण आले असे आम्ही म्हणालो आणि लेप लावले. गाठ दुखत नव्हती म्हणून कुणी घाबरले नाही. पुढे घास गिळताना कळ कानात जायला लागली. त्यातही अडीच महिने गेले. शेवटी जिभेच्या मुळाशी, घशाच्या डाव्या अंगाला कॅन्सर निघाला. गाठ त्याचीच होती.

त्या जागी कापाकापी करण्यापेक्षा किरण आणि सलाइनमधून औषध द्यायचे ठरले. आपल्याकडे किरणांना कुणी शेक म्हणतो, कुणी लाईट म्हणतो. नाव शेक असले तरी अंगाला गरम काही लागत नाही. पहिल्या दिवशी हे मशीनखालून बाहेर आले आणि म्हणाले, "कायच झालं न्हाई. फुकट पैसं घ्यायला लागल्यात." पण तिसऱ्या आठवड्यापासून त्या न झालेल्या गोष्टीने जे दाखवायचे ते दाखवले.

आधी दाताच्या डॉक्टरकडे पाठवून किडके दात काढले होते. शेक घेतल्यावर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही, म्हणून दातांचे काम आधी उरकावे लागते. मग तोंडावर आणि मानेवर बसेल असा जाळीचा मुखवटा केला. तो लावून माणसाला टेबलाशी जखडतात, मान हलू नये म्हणून. आठवड्यातून पाच दिवस, असे पस्तीस शेक, सात आठवडे. तोंड आतून सोलून निघाले. मानेची कातडी काळी पडून सुटली. नाकातून नळी घातली. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत स्टोव्हवर मी ज्वारीचे आंबील करी, फडक्यातून गाळी आणि पिचकारीने नळीतून देई. बासष्ट किलोचा गडी एकोणपन्नास किलोवर आला. घरची खिलारी जोडी तेव्हाच विकली. बैल दावणीतून सोडून नेताना हे गावात नव्हते, ते बरेच झाले.

पण गाठ गेली. घशातलेही गेले. पाच महिन्यांनी एके दिवशी आमटीचा घुटका घेऊन हे म्हणाले, "मीठ जास्त झालंय." मी तव्यावरची भाकर तशीच ठेवून रडले, कारण इतके दिवस त्यांना मीठ कळतच नव्हते.

लाळ मात्र पूर्वीसारखी आली नाही. तेव्हापासून शेतात जाताना खांद्यावर दोरखंड असो नसो, पाण्याची बाटली असतेच. भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय उतरत नाही. जबड्याखाली दाढी उगवत नाही आणि मानेची कातडी वहाणेसारखी टणक राहिली आहे. तपासणीला आम्ही नेमाने जात होतो. दर खेपेला डॉक्टर घशात बघत, मान चाचपत आणि छान आहे म्हणत. २०१५ साली पाच वर्षे पुरी झाली. आम्ही पेढे वाटले.

इथे माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती सांगितलीच पाहिजे. २०१६ साली धाकटीचे लग्न जमवायचे होते. पाहुणे घर बघायला येतात, बापाला काय झाले होते म्हणून विचारतात. कॅन्सरचे नाव काढले की माणसे अजूनही भांडे बाजूला ठेवतात. हा रोग असा उष्ट्या भांड्यातून लागत नाही हे किती जणांना पटवणार? मी दवाखान्याची फाईल पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली घातली. घरात सगळ्यांना सांगून टाकले की आता तो विषय काढायचा नाही. लग्न झाले. विषय नाही म्हणता म्हणता आमच्या डोक्यातूनही गेला. वर्षातून एकदा तपासणीला यायला सांगितले होते, तेही २०१७ नंतर सुटले. मधे गावात आरोग्य शिबिर झाले. ह्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. गोळ्या दिल्या, त्या महिनाभर घेतल्या. चक्कर येत नाही, डोके दुखत नाही, मग गोळी कशाला, असा ह्यांचा हिशेब.

२०२२ सालचा पोळा झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी हे म्हशीची धार काढायला बसले होते. हाक आली म्हणून गेले तर डाव्या डोळ्यावर हात धरून बसलेले. म्हणाले, "डोळ्यावर वरनं पडदा सोडल्यागत झालंय." मी पदराच्या कोपऱ्याने डोळा पुसला. कचरा नव्हता. पाच मिनिटांत दिसायला लागले. पित्ताने झाले असेल असे मी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल असे पोरगा म्हणाला, आणि ह्यांनी पुढच्या म्हशीखाली बादली लावली.

दुसऱ्यांदा झाले ते दसऱ्याच्या सुमारास. ज्वारीची पेरणी चालली होती. ट्रॅक्टर मिळाला नव्हता आणि वापसा जाईल म्हणून भाच्याची बैलजोडी आणून तिफण लावली होती. चाड्यावर मूठ ह्यांचीच. आमच्या शिवारात सारखे पेरणारा म्हणून ह्यांचे नाव आहे. दुसऱ्या तासाला वळताना उजवा हात खाली आला. मूठ उघडी पडली आणि सगळे बी एका जागी सांडले. हे हाताकडे बघत उभे राहिले. नंतर म्हणाले, हात दिसत होता, पण तो आपला वाटत नव्हता. भाच्याने बैल थांबवले. दहा-बारा मिनिटांत बोटे हलली, मूठ वळली. हे पुन्हा चाड्यावर उभे राहायला निघाले. भाच्यानेच हात धरून बांधावर आणले.

माणसे जमली. कुणी म्हणाले वारे गेले. कुणी म्हणाले मानेत शीर दबली, म्हणून हात बधिर झाला. ह्यांची मान तर बारा वर्षे आखडलेलीच, त्यामुळे ते सगळ्यांना पटले. शेजारच्या वस्तीवर मान-पाठ उतरवणारे एक गृहस्थ आहेत. संध्याकाळी मीच ह्यांना तिकडे घेऊन गेले. त्यांनी तेल लावून मान चांगली रगडली, दोन्ही बाजूंना वळवून कडकड वाजवली. बरे वाटले म्हणाले.

दुसऱ्या रात्री जेवताना ह्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी मागितले. शब्द नव्हते ते. दात नसलेल्या पोराने बडबडावे तसे काहीतरी. तोंडाचा उजवा कोपरा उतरला होता आणि त्यातून पाणी गळत होते. मी "काय वो? काय म्हंता?" करत राहिले. पंधरा मिनिटांनी हे चक्क म्हणाले, "पानी दी." जणू मधले काही झालेच नाही. पोरगा म्हणाला, सकाळी बघू. सकाळी तालुक्याला गेलो.

ही जी "सकाळी बघू" झाली, तिच्याबद्दल नंतर आम्हाला पुष्कळ ऐकावे लागले, आणि रास्तच होते. असले झटके आपोआप जातात म्हणून माणूस निवांत होतो. पण खरा मोठा झटका यायचा असेल तर तो पुढच्या दोन-चार दिवसांतच येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. आम्हाला एक नाही, तीन इशारे मिळाले होते. चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय गळणे, बोली अडखळणे, एका डोळ्याला अंधारी येणे, यातले काहीही झाले, मग ते दोन मिनिटांत का जाईना, त्याच क्षणी निघायचे असते. १०८ ला फोन केला तर गाडी येते. झटका टिकून राहिला तर मेंदूतली गुठळी विरघळवायचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डोक्याचा सीटी स्कॅन करून, आत रक्तस्राव नाही ना हे बघून. म्हणून घरच्या घरी रक्त पातळ करायची गोळी देऊन बसू नये. रक्तस्राव असेल तर तीच घातक ठरते.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या थोरलीएवढ्या. सगळे ऐकून घेतले, रक्तदाब बघितला आणि विचारले, "काकांना आधी कधी मोठा आजार झाला होता?"

मी म्हणाले, "न्हाई."

इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली. हे माझ्याकडे बघतच राहिले, पण बोलले नाहीत. बाईंनी मान बघायला म्हणून ह्यांच्या गळ्यातला टॉवेल काढला. जबड्याखालची टणक कातडी आणि दाढी न उगवलेली जागा त्यांना दिसली. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवले आणि सावकाश विचारले, "मावशी, मानेला शेक दिला होता का?"

मला वर बघवेना. ह्यांनीच सांगितले, "व्हय. धाला. पस्तीस." धाला म्हणजे २०१० साली.

बाई रागावल्या नाहीत. कानाला नळी लावून तिचे तोंड ह्यांच्या मानेवर, डाव्या बाजूला ठेवले. छातीवर ठेवतात ते बघितले होते, मानेवर ठेवलेले पहिल्यांदाच बघत होते. मग ती नळी त्यांनी माझ्या कानाला लावली. बारीक मोरीतून पाणी जोरात जाताना होतो तसा सूं-सूं आवाज येत होता. प्रत्येक तपासणीत असा आवाज येतोच असे नाही, आणि आवाज नाही म्हणून शीर चांगली असेही नाही. आमच्या नशिबाने तो आला. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन सोलापूरला पाठवले.

आता ही शीर म्हणजे काय, ते मला समजले तसे सांगते. मानेच्या दोन्ही बाजूंना बोट दाबले की ठोके लागतात ना, त्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या. जबड्याखाली प्रत्येकीला फाटा फुटतो. एक फाटा चेहऱ्याकडे, दुसरा मेंदूकडे आणि डोळ्याकडे. मेंदूच्या डाव्या अंगाकडे उजव्या हातापायाचा लगाम असतो, आणि बहुतेकांची बोलीही तिथेच असते. म्हणून डाव्या शिरेचा बिघाड ह्यांच्या डाव्या डोळ्यात, उजव्या हातात आणि जिभेवर दिसला. तिन्ही गोष्टी एकाच धाग्याच्या होत्या. आम्ही एकीला पित्त म्हणालो, दुसरीला वारे.

शेक देताना किरण कॅन्सरवर रोखतात, पण घशाच्या आणि मानेच्या गाठींच्या शेजारूनच ही शीर जाते. तिला वगळता येत नाही. किरणांनी शिरेच्या आतला गुळगुळीत अस्तर दुखावतो. शिरेच्या भिंतीलाही जगायला रक्त लागते आणि ते पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या असतात, त्याही सुकतात. मग भिंत जाड होते, कडक होते, आत चरबीचा थर धरतो. म्हातारपणी सगळ्यांच्याच शिरांत हे थोडेफार होते. शेकलेल्या मानेत ते लवकर आणि जास्त लांबीवर होते. पाच-दहा वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा ते उघडकीला येते. तोवर कॅन्सर बरा होऊन माणूस सगळे विसरलेला असतो. शेक घेतलेल्या लोकांना अर्धांगवायूचा धोका इतरांच्या मानाने दुप्पट तरी असतो, असे निरनिराळ्या अभ्यासांत दिसले आहे. त्यात रक्तदाब, साखर, तंबाखू, विडी यांची भर पडली की थर आणखी वेगाने वाढतो.

मला ते कळले ठिबकवरून. आमच्या विहिरीचे पाणी क्षाराचे. नळीत पांढरा थर बसत जातो. वरून नळी धडधाकट दिसते, पाणीही चालू असते. मग एखादे दिवशी थराचा कपचा सुटतो आणि पुढे छिद्रात अडकतो, की तेवढेच झाड वाळते. मानेत तेच. सुटलेला कण डोळ्याच्या वाहिनीत गेला की पडदा, मेंदूत गेला की हात गळाला. कण लहान असेल तर विरघळतो, माणूस उठून कामाला लागतो. मोठा असेल तर उठत नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांना मान रगडल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. बोली गेली ती त्यानेच असे छातीठोक सांगता येणार नाही म्हणाले, पण थर धरलेली शीर असताना मान दाबणे, वळवणे, कडकड वाजवणे म्हणजे तो कपचा आपल्या हाताने सोडवण्यासारखे आहे. माझ्या मनाने मात्र छातीठोक सांगून टाकले आहे. ते अजून जात नाही.

तपासणीचे नाव डॉपलर. पोटाची सोनोग्राफी करतात तशीच मानेची करायची. सुई नाही, दुखत नाही, अर्ध्या तासाच्या आत होते. पडद्यावर रक्त लाल-निळे दिसते. ह्यांची मेंदूकडे जाणारी डावी शीर ऐंशी टक्क्यांच्या वर बुजलेली निघाली आणि उजवी निम्म्याच्या आत. डोक्याच्या तपासणीत दोन बारीक डाग होते, मोठे काही नव्हते.

अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, मानेला चीर देऊन शीर उघडायची आणि थर खरवडून काढायचा. दुसरा, मांडीच्या सांध्यातून बारीक तार वर नेऊन अरुंद जागी जाळीची नळी बसवायची. एरवी पहिला रस्ता चांगला जुना आणि भरवशाचा आहे. पण शेकलेली मान आतून चिकटलेली असते, आसपासच्या नसांना धक्का लागू शकतो, जखम भरायला त्रास होतो. म्हणून अशा माणसांना पुष्कळदा जाळी बसवतात. कुणाला काय योग्य ते तिथले डॉक्टर माणूस बघून ठरवतात. आम्हाला जाळी सांगितली. थोडा धोका त्यातही होता. कामाच्या वेळीच कण सुटून झटका येऊ शकतो, म्हणून वरच्या बाजूला छत्रीसारखी गाळणी धरतात. हे सगळे ऐकून ह्यांनी विचारले, "न्हाई केलं तर?" डॉक्टर म्हणाले, "तर गोळ्यांवर थांबता येईल. पण तीन झटके येऊन गेलेत, काका." ह्यांनी अंगठा पुढे केला. सही येते, पण हात थरथरत होता आणि ते दिसू द्यायचे नव्हते.

जाळी बसली. हे चौथ्या दिवशी घरी आले. त्यानंतर काही महिने रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या, मग एक कायमची, शिवाय चरबीची आणि रक्तदाबाची. आता गोळी चुकत नाही, कारण डबी माझ्या ताब्यात आहे. तंबाखूची डबी होती तीच, घासून-पुसून. जाळी पुन्हा बुजू शकते आणि शेकलेल्या मानेत ते जास्त होते, म्हणून डॉक्टर सांगतील त्या त्या वेळी डॉपलर करतो. उजव्या शिरेवरही त्यातच लक्ष राहते.

आणखी एक गोष्ट तिथेच निघाली. दोन वर्षे ह्यांना थंडी सोसवत नव्हती, अंग जड, सारखी झोप, बद्धकोष्ठ. वय झाले असे आम्ही धरून चाललो होतो. गळ्यातली थायरॉइडची गाठही शेकात येते आणि पुढे मंद पडू शकते. साध्या रक्ताच्या तपासणीत ते कळले. सकाळी अनशापोटी एक बारीक गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत हे पहाटे उठून मला उठवायला लागले.

शेक दिला त्या दवाखान्याने हे आम्हाला आधी का सांगितले नाही, असा पोराचा राग होता. सांगितले असेल आणि त्या सात आठवड्यांत आमच्या कानात शिरले नसेल, किंवा नसेलही सांगितले. नंतरच्या तपासण्यांत घसा बघितला, गाठ चाचपली, शिरेचे नाव कुणी काढले नाही, हे मात्र खरे. पण तपासणीला जाणे आम्हीच सोडले आणि फाईल मीच लुगड्यांखाली घातली, तेही खरे. आता ती फाईल प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर असते. किती शेक, कुठल्या बाजूला, कुठल्या साली, सगळे तिच्यात आहे. ताप आला तरी डॉक्टरपुढे आधी ती ठेवते आणि दात काढायचा म्हटले तरी आधी ती दाखवते. ज्यांच्या घरात मान शेकलेले माणूस आहे आणि शेकाला चार-पाच वर्षे होऊन गेली आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना डॉपलरबद्दल आणि थायरॉइडबद्दल एकदा स्वतः होऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. पुढच्या खर्चासाठी मोठ्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना रेशनकार्ड दाखवून सरकारी योजनेत काय बसते ते आधीच विचारून घ्यावे.

धाकटीच्या सासरी मी स्वतः जाऊन सगळे सांगितले. विहीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या दिरांनाही घशाचे झाले होते, त्यांनीही कुणाला सांगितले नव्हते. त्या दिरांचा डॉपलर गेल्या वर्षी झाला.

चाड्यातून सांडलेले बी त्या वर्षी एका जागी दाट उगवले. विरळणीला गेले तर हे म्हणाले, "राहू दे तेवढं." कणसे काही धरली नाहीत तिथे, नुसता कडबा झाला.

एवढे सगळे ऐकून ती पोरगी गप्प बसली होती. चहा निवला होता. म्हणाली, "म्हंजे न्यावं म्हंता?"

मी म्हणाले, "अगं, शेक घेतला म्हणून बारा वर्षांनी शीर बिघडायला तुझं काका हुतं तरी. न घेता बारा महिने बी काढलं नसतं. आणि शीर दुरुस्त हुती, वेळंवर दाखवली तर." तेवढ्यात हे मागच्या दाराने आत आले, बाटलीतले पाणी प्यायले आणि तिला म्हणाले, "दात आधी दाखवा म्हणावं म्हातारीचं. आणि मिश्रीची डबी माझ्याकडं आणून दे, मला खिळं ठेवायला पायजे."

डबी तिने दुसऱ्याच दिवशी आणून दिली. सासूचे आजपर्यंत एकोणीस शेक झाले आहेत. तोंड आले आहे, घास उतरत नाही, पाणी पिताना डोळ्यांतून धारा लागतात असा तिचा फोन होता. ज्वारी भिजत घातली आहे. शनिवारी पोरगा त्या बाजूला जाणार आहे, त्याच्याबरोबर आंबिलाचे पीठ आणि गाळायला मऊ मलमलीचे फडके पाठवते.